औषधांच्या वेळांची लघुरूपे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंगच्या विद्यार्थिनी, वॉर्डमध्ये नव्याने रुजू झालेल्या परिचारिका आणि डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन गोंधळलेले नातेवाईक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रौढ रुग्णांना धरून लिहिली आहेत. प्रत्येक रुग्णालयाचे स्वतःचे लेखी धोरण असते आणि जिथे ते या उत्तरांपेक्षा वेगळे असेल, तिथे ते धोरणच पाळावे.

१. ओडी, बीडी, टीडीएस ही अक्षरे नेमकी कशाची आहेत? इंग्रजी शब्दांशी ती जुळत का नाहीत?

ही लघुरूपे लॅटिन भाषेतील आहेत. ब्रिटिश वैद्यकशिक्षणाबरोबर ती भारतात आली आणि टिकून राहिली. ओडी म्हणजे 'ऑम्नी डाय', रोज एकदा. बीडी म्हणजे 'बिस डाय', दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे 'टेर डाय सुमेन्डम', दिवसातून तीनदा घेणे. क्यूआयडी किंवा क्यूडीएस म्हणजे दिवसातून चार वेळा. एचएस म्हणजे 'होरा सोम्नी', झोपेच्या वेळी. स्टॅट हा 'स्टाटिम' या शब्दाचा तुकडा असून त्याचा अर्थ 'ताबडतोब' असा होतो.

विद्यार्थिनींनी लॅटिन शब्द एकदा समजून घ्यावेत असे मला मनापासून वाटते. ज्या मुली 'बी म्हणजे दोन, टी म्हणजे तीन' एवढेच पाठ करतात, त्या क्यू अक्षरापाशी हमखास अडतात, कारण क्यू हे 'प्रत्येक' या अर्थानेही येते आणि 'चार' या अर्थानेही येते. पुढचे बरेच घोटाळे याच एका अक्षरातून निघतात.

२. टीडीएस आणि 'दर आठ तासांनी' हे एकच ना? दोन्हीत तीनच डोस होतात.

डोस तीनच होतात, परंतु त्यांच्यातील अंतर सारखे असेलच असे नाही. टीडीएस म्हणजे रुग्ण जागा असतानाच्या काळात तीन वेळा. व्यवहारात सकाळ, दुपार आणि रात्र, बहुधा जेवणाच्या आधाराने. सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री नऊ अशा वेळा धरल्या, तर रात्रीचे अंतर अकरा तासांचे होते. 'क्यू एट एच' म्हणजे मात्र घड्याळाप्रमाणे दर आठ तासांनी: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. क्यूआयडी आणि 'क्यू सिक्स एच' यांच्यातही हाच फरक आहे. पहिल्यात रात्रीची झोप मोडत नाही, तर दुसऱ्यात मध्यरात्री बाराचा डोस द्यावाच लागतो.

हा फरक सर्वांत जास्त जाणवतो तो शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्समध्ये. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील औषधांचा परिणाम रक्तातील पातळी किती वेळ पुरेशी राहते यावर अवलंबून असतो. मधे अकरा तासांची पोकळी पडली तर पातळी खाली जाते आणि जंतूंना सवड मिळते. म्हणून इंजेक्शनच्या अँटिबायोटिकपुढे नुसते टीडीएस लिहिले असेल, तर आठ-आठ तासांचे अंतर अपेक्षित आहे का हे डॉक्टरांना विचारून ट्रीटमेंट शीटवर वेळा लिहून घ्याव्यात. पोटाच्या साध्या गोळीसाठी रुग्णाला मध्यरात्री उठवण्याचे कारण नाही.

३. '१-०-१' ही पद्धत सर्वांत सोपी आहे. मग तिच्यातही चुका का होतात?

सकाळ, दुपार, रात्र असा हा क्रम आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे, आणि निरक्षर रुग्णालाही तो समजावता येतो. ही पद्धत चांगलीच आहे. अडचणी तीन ठिकाणी येतात.

पहिली अडचण अशी की हे आकडे गोळ्यांची संख्या सांगतात, औषधाचे प्रमाण सांगत नाहीत. दुकानात ५०० मिलिग्रॅमऐवजी १००० मिलिग्रॅमची गोळी मिळाली आणि चिठ्ठीवर '१-०-१' तसेच राहिले, तर डोस दुप्पट होतो. दुसरी अडचण चार आकड्यांची. '१-१-१-१' मध्ये तिसरा आकडा संध्याकाळचा आणि चौथा रात्रीचा असतो, पण तीन आकड्यांच्या सवयीमुळे वाचणारा शेवटच्या आकड्यापाशी अडखळतो. तिसरी अडचण अर्ध्या गोळीची. घाईत लिहिलेल्या अर्ध्याच्या चिन्हातील आडवी रेघ पुसट झाली की ते बारासारखे किंवा एक आणि दोन असे वाचले जाते. तेथे 'अर्धी गोळी' असे अक्षरांत लिहावे.

मराठी आकड्यांमुळे होणारा घोटाळा वेगळाच आहे; तो प्रश्न १२ मध्ये पाहा.

४. डोळ्यांच्या वॉर्डात ओडी म्हणजे 'रोज एकदा' की 'उजवा डोळा'?

दोन्ही, आणि म्हणूनच तेथे हे लघुरूप धोक्याचे आहे. नेत्रचिकित्सेत ओडी म्हणजे 'ऑक्युलस डेक्स्टर', उजवा डोळा; ओएस म्हणजे डावा डोळा; ओयू म्हणजे दोन्ही डोळे. समजा, काचबिंदूच्या रुग्णाच्या कागदावर 'लॅटानोप्रोस्ट ओडी' एवढेच लिहिले आहे. एका परिचारिकेने ते 'रोज एकदा' असे वाचून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, तर दुसरीने उजव्या डोळ्यात घालून 'किती वेळा' हे आपल्या अंदाजाने ठरवले, असे होऊ शकते. दोघींनीही कागदावरचे बरोबरच वाचलेले असते. तेथे 'उजवा डोळा, रोज रात्री एक थेंब' असे पूर्ण लिहिले की प्रश्नच उरत नाही.

एडीचेही तसेच आहे. कानाच्या संदर्भात एडी म्हणजे उजवा कान, परंतु आपल्याकडे काही जण 'अल्टरनेट डे' म्हणजे एक दिवसाआड या अर्थानेही एडी लिहितात.

५. क्यूडी आणि क्यूओडी वापरू नयेत असे वर्गात सांगतात. नेमका धोका काय आहे?

क्यूडी म्हणजे रोज एकदा, आणि क्यूओडी म्हणजे एक दिवसाआड. हस्ताक्षरात क्यू आणि डी यांच्यामध्ये शाईचा ठिपका पडला किंवा क्यूची शेपटी उजवीकडे लांबली, की तेथे आय असल्यासारखे दिसते आणि क्यूडीचे क्यूआयडी होते. रोज एकदा द्यायचे औषध चार वेळा दिले जाते. क्यूओडीतील ओ नीट न उमटल्यास क्यूडी होते, आणि एक दिवसाआडचे औषध रोज जाते. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये 'वापरू नये' अशा लघुरूपांची अधिकृत यादी लागू केली, तीत ही दोन्ही आहेत. युनिटसाठी लिहिला जाणारा यू आणि पूर्णांकापुढे टिंब देऊन लावलेले निरर्थक शून्यही त्याच यादीत आहे.

भारतात क्यूडीपेक्षा ओडीच जास्त लिहिले जाते, तरी परदेशातून आलेल्या रुग्णाच्या कागदांवर क्यूडी भेटतेच. ते वाचता यावे, पण आपण लिहू नये.

६. मी इंग्लंडला किंवा आखाती देशांत नोकरीसाठी जाणार आहे. येथे शिकलेली लघुरूपे तेथे चालतील का?

इंग्लंडमध्ये ओडी, बीडी, टीडीएस आणि क्यूडीएस ही आपल्या ओळखीची अक्षरे दिसतील. अमेरिकी वळणाच्या रुग्णालयांत बीडीऐवजी बीआयडी आणि टीडीएसऐवजी टीआयडी असते, आणि 'रोज एकदा' यासाठी 'डेली' हा पूर्ण शब्द लिहितात. तेथे ओडी लिहिले तर वाचणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा उजवा डोळा येतो. आखाती देशांत वेगवेगळ्या देशांतून आलेले डॉक्टर आणि परिचारिका एकाच वॉर्डात काम करतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी तेथील मान्य लघुरूपांची यादी मागून घ्यावी. आपल्याकडेही एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या रुग्णालयात अशी यादी असते. ती बहुतेकदा फाइलमध्ये असते आणि नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर नसते, एवढीच अडचण.

७. एचएस आणि '०-०-१' एकच आहे का?

नाही. '०-०-१' हे बहुतेक घरांत रात्रीच्या जेवणाशी जोडले जाते. एचएस म्हणजे अंथरुणाला पाठ टेकण्याची वेळ. जेवण साडेआठला आणि झोप अकराला असेल, तर झोपेच्या गोळीसाठी या अडीच तासांना महत्त्व आहे: जेवणानंतर लगेच गोळी घेऊन आजोबा ओटा आवरायला किंवा शतपावलीला उठले, तर तोल जाऊन पडण्याची भीती असते.

रात्रपाळी करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत एचएस म्हणजे सकाळही असू शकते. सुरक्षारक्षक, गिरणीतील किंवा कंपनीतील कामगार, आणि आपल्या स्वतःच्या सहकारी परिचारिका यांना औषध समजावताना 'तुम्ही झोपता कधी?' हे आधी विचारावे. याशिवाय एचएसचा 'हाफ स्ट्रेंग्थ', म्हणजे निम्म्या तीव्रतेचे द्रावण, असाही अर्थ काही ठिकाणी घेतला जातो, म्हणून द्रावणाच्या बाटलीसंबंधीच्या आदेशात हे लघुरूप अजिबात नसावे.

८. एसी आणि पीसी म्हणजे जेवणाआधी आणि जेवणानंतर. पण नेमके किती वेळ आधी? आणि रुग्णाचा उपवास असेल तर काय करायचे?

नेमका वेळ औषधावर ठरतो, आणि लघुरूप तो सांगत नाही. थायरॉक्सिनची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. चहाबरोबर घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी साधारण अर्धा तास आधी. साधे इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी, तर जलद काम करणारे इन्सुलिन ताट समोर येत असतानाच. ताट यायला उशीर होणार असेल, तर इंजेक्शनही थांबले पाहिजे.

उपवासाचा प्रश्न आपल्याकडे खराच आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. एकादशीला किंवा चतुर्थीला पीसी लिहिलेली गोळी रुग्ण घेत नाही, कारण 'आज जेवणच नाही'. त्याने साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असते, तरी त्याच्या लेखी ते जेवण नव्हे. म्हणून 'जेवणानंतर' ऐवजी 'काहीतरी खाल्ल्यानंतर' असे सांगावे. मधुमेहाच्या रुग्णाने मात्र खरोखर उपाशी राहून नेहमीचे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा रुग्णाचे उपवासाचे वार आधीच विचारून डॉक्टरांना कळवावेत. शस्त्रक्रियेसाठी तोंडाने काही न देण्याचा आदेश असतानाही हीच दक्षता लागते.

९. एसओएस म्हणजे तातडीने द्यायचे औषध ना?

हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. संकटाच्या संदेशातील एसओएसशी याचा संबंध नाही. येथे ते 'सी ओपस सिट' आहे, म्हणजे 'गरज पडल्यास'. पीआरएन, 'प्रो रे नाटा', याचाही जवळपास तोच अर्थ आहे. काही पुस्तके एसओएस म्हणजे गरज पडल्यास एकदाच आणि पीआरएन म्हणजे गरज पडेल तेव्हा तेव्हा असा भेद करतात, परंतु वॉर्डात तो सगळे पाळतात असे धरून चालू नये. तातडीसाठी स्टॅट आहे. त्यात डोस एकदाच आणि आत्ताच द्यायचा असतो, पुन्हा नाही.

एसओएसचा आदेश पूर्ण होण्यासाठी तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: कशासाठी, किमान किती अंतराने आणि दिवसभरात जास्तीत जास्त किती. 'पॅरासिटामॉल ६५० एसओएस' हा आदेश अपुरा आहे. 'ताप १०१च्या वर गेल्यास ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन डोसांत किमान सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही' हा पूर्ण आहे. निरोगी यकृताच्या प्रौढ माणसातही पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, आणि सर्दीच्या व अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांत ते आधीच असते. आधीचा डोस कधी दिला हे हँडओव्हरमध्ये सांगितले गेले नाही, तर दोन पाळ्यांतील दोन परिचारिका तासाभरात दोन डोस देऊन बसतात.

१०. बीडीचा आदेश दुपारी चार वाजता आला. पहिला डोस लगेच देऊन दुसरा रात्री दहाच्या नेहमीच्या वेळेला द्यावा का?

हे औषधावर अवलंबून आहे आणि हा निर्णय परिचारिकेने एकटीने घेऊ नये. सहा तासांत दोन डोस गेल्याने काही औषधांत फारसे बिघडत नाही. एनॉक्सापारिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनमध्ये किंवा मूत्रपिंडावर ताण आणणाऱ्या जेंटामायसिनसारख्या औषधात बिघडू शकते. आदेश घेतानाच 'सर, पहिला डोस आत्ता दिला तर पुढचा किती वाजता?' असे विचारून उत्तर शीटवर लिहून ठेवावे. वेळा चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे लिहिल्या, तर चार आणि सोळा यांत गोंधळ होत नाही.

११. एक दिवसाआड, आठवड्यातून एकदा, आणि '५/७' हे आदेश कसे वाचायचे आणि कसे लिहायचे?

माझ्या मते सर्वांत जास्त काळजी येथे घ्यायला हवी. आपल्या हाताला औषध रोज देण्याची सवय असते, आणि थकलेला मेंदू वाचताना याही आदेशाला रोजचे करून टाकतो.

एक दिवसाआडच्या औषधासाठी 'विषम तारखांना द्या' असे सांगण्याची पद्धत आहे. ती महिनाअखेर फसते: ३१ तारखेला डोस दिला आणि १ तारखेलाही दिला, म्हणजे सलग दोन दिवस झाले. शीटवर पुढच्या तारखा लिहाव्यात आणि मधल्या दिवसांच्या रकान्यांवर फुली मारावी.

आठवड्याच्या औषधांत मेथोट्रेक्सेट सर्वांत धोक्याचे. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच देतात. रोज दिले गेले तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेचे काम मंदावते, आणि रुग्ण दगावूही शकतो. त्याच्या जोडीला दिली जाणारी फोलिक ॲसिडची गोळीही बहुधा लहान आणि पिवळीच असते, त्यामुळे रुग्ण त्यांची अदलाबदल करतो. 'दर बुधवारी' असा वार अक्षरांत लिहावा, रुग्णाकडून तो वदवून घ्यावा, आणि औषध कशासाठी आहे तेही लिहावे. आठवड्यातून तीनदा यासाठीचे टीआयडब्ल्यू हे लघुरूपही टाळावे. ते टीआयडी, म्हणजे दिवसातून तीनदा, असे वाचले जाते.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुतेकदा आठवड्यातून एकदा लिहून देतात. मी ज्या वॉर्डात काम करत होते, तेथे एक आजी मळमळ, बद्धकोष्ठता आणि गुंगी घेऊन भरती झाल्या, तेव्हा त्यांच्या सुनेने पिशवीतून आठ रिकाम्या पुड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. आठ आठवड्यांचे औषध त्यांनी आठ दिवसांत रोज दुधातून घेतले होते. डिस्चार्ज कार्डवर 'ओडब्ल्यू', म्हणजे आठवड्यातून एकदा, असे लिहिले होते. दुकानदाराने ते ओडी असे वाचून पाकिटावर सकाळची खूण केली होती. त्यांच्या रक्तातील कॅल्शियम वाढलेले होते आणि त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, पण ती रिकाम्या पुड्यांची चळत मी विसरलेले नाही.

'५/७' चा प्रश्न आणखी नाजूक आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ५/७ म्हणजे पाच दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे आणि ३/१२ म्हणजे तीन महिने. आपल्याकडे डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासाठी मात्र ५/७ म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, बहुधा शनिवार-रविवार सोडून, असा अर्थ रूढ आहे. म्हणजे एकाच शीटवर अँटिबायोटिकपुढचे ५/७ 'पाच दिवसांनी बंद करा' असे सांगते आणि डिगॉक्सिनपुढचे ५/७ 'चालूच ठेवा, दोन दिवस वगळा' असे सांगते. नव्या परिचारिकेने दुसरा आदेश पहिल्यासारखा वाचला, तर हृदयाचे औषध सहाव्या दिवशी बंद पडते. येथे 'सोमवार ते शुक्रवार' असे लिहून घेण्याला पर्याय नाही.

१२. घरच्यांना औषधांचे वेळापत्रक मराठीत लिहून दिले तर चालेल ना?

चालेल, आणि द्यावेच. पण आकड्यांना जपावे. मराठी एक (१) हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि मराठी चार (४) घाईत लिहिला की इंग्रजी आठ वाटतो. सून मराठी आकडे वाचते, नातू इंग्रजी वाचतो, आणि गोळी देणारा त्या दिवशी कोण असेल हे आपल्याला माहीत नसते. म्हणून 'सकाळी आठ वाजता, एक गोळी' असे सर्व काही अक्षरांत लिहावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पाकिटावर उगवता सूर्य, ताट आणि चंद्र काढून देणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत, आणि ती पद्धत उत्तम चालते. शेवटी 'आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कधी घ्यायची?' असे विचारावे. नुसती मान डोलावली म्हणजे समजले, असे धरू नये.

१३. इन्सुलिनच्या आदेशात 'यू' लिहू नये असे का म्हणतात?

यू वरून जुळला की शून्य होतो, आणि १० युनिट १०० वाचले जातात. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा. आपल्याकडे ४० आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही तीव्रतेच्या बाटल्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४०च्या सिरिंजला लाल टोपण आणि १००च्या सिरिंजला नारिंगी. १००च्या बाटलीतून ४०च्या सिरिंजने औषध ओढले, तर डोस अडीच पट होतो.

१४. फोनवर दिलेला आदेश घ्यावा का?

तातडीच्या वेळी, आणि रुग्णालयाच्या धोरणात मुभा असेल तरच. ऐकताना बीडी आणि टीडी (म्हणजे टीडीएस), पंधरा आणि पन्नास यांत फरक कळत नाही, म्हणून आदेश आधी लिहून घ्यावा, मग लिहिलेला परत वाचून दाखवावा: 'दिवसातून दोन वेळा, सकाळी आठ आणि रात्री आठ, बरोबर?' शक्य असल्यास दुसऱ्या परिचारिकेनेही तो ऐकावा. डॉक्टरांची सही धोरणात ठरलेल्या मुदतीत घ्यावी.

१५. अक्षर लागत नाही म्हणून विचारले की डॉक्टर चिडतात. मग काय करायचे?

तरीही विचारायचे. औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या छापील अक्षरांत लिहावे, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला, त्यामुळे स्पष्ट अक्षराची अपेक्षा करणे हा उद्धटपणा नव्हे. 'हे काय लिहिले आहे?' यापेक्षा 'हे मी बीडी असे वाचते आहे, सकाळी आठ आणि रात्री आठला देऊ का?' असा प्रश्न लवकर उत्तर मिळवतो. तरीही उत्तर मिळाले नाही तर इन्चार्ज सिस्टरना सांगावे, आणि आदेश स्पष्ट होईपर्यंत डोस देऊ नये. डोस का थांबवला आणि कोणाला कळवले, हे वेळेसह नोंदवावे. शेजारच्या सिस्टरला 'तुला काय वाटते?' असे विचारून दोघींच्या अंदाजाने औषध देणे मात्र टाळावे. दोन अंदाज मिळून आदेश होत नाही.

१६. लघुरूप चुकीचे वाचून जादा डोस दिला गेला आहे असे नंतर लक्षात आले, तर?

प्रथम रुग्णाकडे जावे: नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध, आणि मधुमेहाचे औषध असेल तर साखर. लगेच डॉक्टरांना कळवावे आणि पुढचा डोस थांबवून ठेवावा. शीटवरील नोंद खोडू नये, तिच्यावर व्हाइटनर लावू नये. जे दिले ते, ज्या वेळी दिले त्या वेळेसह तसेच राहू द्यावे, कारण पुढचे उपचार त्याच नोंदीवर ठरतात. नंतर घटनेचा अहवाल भरावा आणि त्यात मूळ आदेशातील अक्षरे जशी दिसली तशी उतरवून घ्यावीत, म्हणजे तेच लघुरूप दुसऱ्या वॉर्डातही कोणाला फसवत आहे का हे तपासता येते.